बुधवारचे औषध, रविवारचा गुन्हा



घोड्याच्या लघवीत काय सापडले तर काय शिक्षा, हा विषय स्मृतिव्याख्यानाला शोभतो का, अशी शंका समोरच्या काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीत तो जरा अवघडूनच बसणार. पण बडोद्याला तो परका नाही. सप्टेंबर १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झाला असताना, इंग्लंडातली सेंट लेजर ही मानाची शर्यत ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने एका डोक्याच्या फरकाने जिंकली. मालक प्रतापसिंहराव गायकवाड. घोड्याला नाव दिले ते आजोबांचे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत. ते घोड्याला ठेवलेले इथल्या जुन्या मंडळींना कितपत रुचले असेल, हे आज उकरून काढायला नको.

हा सयाजीराव १९४५च्या डर्बीविजेत्या ‘डांटे’चा सख्खा भाऊ. वर्षाचे शिंगरू असताना न्यूमार्केटच्या लिलावात महाराजांनी त्याला २८,००० गिनींना घेतले. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा पौंडात २९,४०० झाले. वर्षाच्या शिंगराला तोवर इतकी बोली कुणी लावली नव्हती. पाठोपाठ १९४८ साली महाराजांच्याच ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. दोन्ही घोडे सॅम आर्मस्ट्राँग यांच्या तालमीतले. पुढे माय बाबूच्या ‘केरला’ नावाच्या मुलीच्या पोटी ‘डमास्कस’ जन्मला आणि १९६७ साली अमेरिकेतला सर्वोत्तम घोडा ठरला. बडोद्याच्या पागेचे नाव कुठवर गेले, ते यावरून कळावे.

मी हे अभिमानाने सांगतो, पण त्यामागे एक हिशेबही आहे. एवढी किंमत मोजलेल्या जनावराचा पाय शर्यतीच्या आठवड्यात सुजला, तर मालक काय करील? सयाजीराव धावत होता तेव्हा त्या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. थंड पाण्याच्या पट्ट्या, शेक, विश्रांती. फेनिलब्युटाझोन हे औषध माणसांच्या संधिवातावर बाजारात आले १९४९ साली, आणि काही वर्षांतच ते पागेत पोचले. पावडर चंदीत मिसळायची. दुसऱ्या दिवशी लंगडणारा घोडा सरळ चालायला लागतो. घोड्याच्या डॉक्टरांचा तो फार मोठा आधार आहे, आणि आजच्या नियमांची निम्मी डोकेदुखीही त्याच्याचपासून सुरू होते.

जनावराला काहीतरी चारून त्याच्याकडून जास्त काम काढणे ही इंग्रजांची किंवा अमेरिकनांची कल्पना नव्हे. भूजच्या रेसिडेन्सीतले डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी १८३०च्या सुमारास एका कच्छी स्वाराची हकीकत लिहून ठेवली आहे. रात्रभराच्या मजलीत स्वार आणि घोडा दोघेही थकले. स्वाराने थांबून सुमारे दोन ड्राम अफू काढली, आपण खाल्ली आणि घोड्यालाही दिली. मग दोघांनी उरलेली वाट तरतरीत पार केली. इथे बडोद्यात, खंडेराव महाराजांच्या काळी, अगडात, म्हणजे झुंजीच्या रिंगणात, हत्तींच्या साठमाऱ्या होत. १८६०च्या दशकात त्या पाहिलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले सांगतो, की हत्ती मस्तीत यावा म्हणून त्याला तीन महिने लोणी आणि साखर खिलवीत. आजची प्रयोगशाळा त्या हत्तीला निर्दोष सोडील. लोणीसाखर कुठल्याच यादीत नाही.

शर्यतीच्या जगात मात्र बंदी आली ती फसवणुकीच्या भीतीने, दयेने नव्हे. सुरुवातीची औषधे घोडा पळवायला नव्हती, थांबवायला होती. न्यूमार्केटला हौदात सोमल कालवून घोडे मारल्याबद्दल डॅनियल डॉसन या माणसाला १८१२ साली फाशी झाली. घोडा जोरात पळवायची विद्या नंतर आली. १९००च्या आगेमागे अमेरिकेहून आलेल्या ट्रेनरांनी कोकेन आणले. मरतुकडे, कुणी ढुंकूनही पाहू नये असे घोडे त्यांच्या हाती गेले की जिंकू लागत. जॉर्ज लॅम्बटन या इंग्रज ट्रेनरने जॉकी क्लबच्या कारभाऱ्यांना सावध केले. कुणी मनावर घेईना. तेव्हा त्याने सांगून-सवरून आपल्याच पाच आळशी घोड्यांना औषध दिले. चार जिंकले, पाचवा दुसरा आला. त्यानंतर लवकरच बंदीचा नियम झाला. असला पुरावा कोणत्याही समितीच्या अहवालापेक्षा मला भारी वाटतो.

नियम झाला, पण पकडायचे कसे? १९१०च्या सुमारास व्हिएन्नात घोड्याच्या लाळेत अल्कलॉइड शोधण्याची रीत बसली, आणि रसायनशास्त्रज्ञ शर्यतीच्या मैदानात शिरला तो आजतागायत तिथेच आहे. आपल्याकडे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती होतात. तिथला ट्रेनर ‘सॅम्पल पॉझिटिव्ह आले’ एवढे तीन शब्द ऐकून पांढराफटक पडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत माणसांबरोबर घोड्यांचेही नमुने तपासले जातात. नमुन्याचे दोन भाग होतात. पहिल्यात काही सापडले तर दुसरा फोडायचा हक्क मालकाला असतो.

इथवरचे सगळे समजायला सोपे आहे. कोकेनसारखी औषधे घोड्याला निरोगी राहण्यासाठी कधी लागतच नाहीत. ती सापडली तर हेतूचा विचार करायची फारशी गरज नाही. एफईआय ही अश्वक्रीडेची आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या यादीत अशा पदार्थांचा एक वर्ग करते. दुसरा वर्ग नियंत्रित औषधांचा. खरे भांडण आहे ते या दुसऱ्या वर्गाचे. यातली औषधे चांगली आहेत, ती मी स्वतः लिहून दिली आहेत, ती न देणे कित्येकदा क्रूरपणा ठरेल. फक्त स्पर्धेच्या दिवशी ती घोड्याच्या अंगात असता कामा नयेत. बुधवारी दिले तर उपचार, रविवारी रक्तात उरले तर गुन्हा.

दुग्धव्यवसायाच्या या प्रदेशात हे समजावणे तसे सोपे जावे. म्हशीला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले की ठरलेले दिवस तिचे दूध डेअरीत घालायचे नाही, हे इथला गवळीही जाणतो. फरक इतकाच, की तिथे आपण दूध पिणाऱ्याला जपतो. घोड्याच्या बाबतीत जपायचे असते ते खुद्द घोड्याला, आणि तेही त्याच्याच औषधापासून. हे लोकांच्या गळी सहज उतरत नाही. दुखणे थांबवणारे औषध जनावराच्या विरोधात कसे जाईल?

असे जाते. घोड्याचा पुढचा पाय, गुडघ्याखाली, नुसत्या हाडाचा आणि कंडरांचा आहे. तिथे स्नायू जवळजवळ नाहीतच. सुमारे पाचशे किलोचे धूड भरधाव पळताना एका क्षणी त्या एकाच पायावर तोललेले असते. हाडाला केसासारखी बारीक चीर असेल तर घोडा त्या पायावर भार टाकायला कचरतो, पाऊल आखडते घेतो, मान हलवतो. सईसाला ते पहाटे थानावरून बाहेर काढतानाच कळते. ते लंगडणे हेच त्याचे सांगणे. वेदनाशामक दिले की चीर तशीच राहते आणि सांगणे बंद होते. मग शर्यतीत हाड तुटते. अशा घोड्याला बहुधा जागीच मारावे लागते, आणि वर बसलेला जॉकीही त्याच वेगाने जमिनीवर येतो. एखाद्या रेसकोर्सवर हिरवा पडदा धरून लोक घाईने धावताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मी अधिक सांगायला नको.

१९६८च्या केंटकी डर्बीत ‘डान्सर्स इमेज’ पहिला आला. त्याचे घोटे आधीपासून दुखरे होते. शर्यतीच्या सुमारे सहा दिवस आधी त्याला फेनिलब्युटाझोन दिले होते, तोवर ते शरीरातून निघून जाईल अशा हिशेबाने. लघवीत ते सापडले. बक्षीस दुसऱ्याला गेले आणि खटला वर्षानुवर्षे चालला. एफईआयच्या आजच्या तक्त्यात फेनिलब्युटाझोन सापडू शकण्याचा काळ सात दिवसांचा दिला आहे, फ्लुनिक्सिनचा सहा दिवसांचा, आणि मेलोक्सिकॅमचा तीन. हे आकडे ऐकून कुणी वहीत उतरवून घेणार असेल तर जरा थांबावे. सात दिवस म्हणजे ‘आठव्या दिवशी खुशाल पळवा’ असे नव्हे. मोजक्या निरोगी घोड्यांना ठरावीक मात्रा देऊन काढलेला तो काळ आहे. आपला घोडा वयस्क असेल, मात्रा जास्त झाली असेल, तर हिशेब बदलतो. आणि एक गोष्ट पुस्तकात वाचून कळत नाही. औषध लघवीवाटे पेंढ्यात जाते, घोडा रात्री तोच पेंढा चघळतो आणि औषध पुन्हा पोटात. तबेला नीट झाडला नाही म्हणून पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे तक्त्यातल्या आकड्यावर आपली भर घालायचे काम डॉक्टरचे, आणि त्याची जबाबदारीही त्याची.

केंटकीने पुढे काही वर्षांत हेच औषध मर्यादित प्रमाणात मान्य केले. एफईआयलाही एकदा तो मोह पडला होता. २००९ साली कोपनहेगनच्या सभेत एफईआयच्या सदस्यांनी थोड्या मतांच्या फरकाने ठरवले, की स्पर्धेत फेनिलब्युटाझोन आणि तसली दोन-तीन औषधे अल्प प्रमाणात चालतील. ओरड इतकी झाली की निर्णय अमलातच आला नाही आणि पुढच्या वर्षी तो मोडीत निघाला. माझे मत विचाराल तर ती ओरड रास्त होती. ‘थोडेसे दुखणे झाकले तर काय बिघडते’ या प्रश्नाचे उत्तर घोडा देऊ शकत नाही, आणि त्याच्या वतीने ते मालकाने द्यावे हे मला मान्य नाही. शर्यतीत फुप्फुसातून रक्त येते म्हणून अमेरिकेत वर्षानुवर्षे घोड्यांना शर्यतीच्या दिवशी फ्युरोसेमाइड देत आले. बाकीच्या बहुतेक देशांत ते त्या दिवशी चालत नाही. जो घोडा औषधावाचून पळू शकत नाही त्याची पैदास वाढवत राहणे, यात घोड्यांच्या पुढच्या पिढ्यांचे काय हित आहे?

वेदना झाकणे हा जसा गुन्हा, तसा ती वाढवणे हाही. २००८च्या ऑलिम्पिकमधल्या अश्वस्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तिथे उड्यांच्या स्पर्धेतल्या चार घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सेसिन सापडले, म्हणजे मिरचीतला तिखटपणा. ते स्नायूंच्या शेकासाठी मलमात वापरतात. पण पायाला चोळले तर कातडी इतकी हुळहुळी होते की अडसराच्या बांबूला खूर लागताच घोडा कळवळतो आणि पुढच्या वेळी पाय अधिक उंच उचलतो. नॉर्वेचे सांघिक कांस्यपदक त्यात गेले. कुणी ते मुद्दाम चोळले होते असे प्रत्येक प्रकरणात सिद्ध झाले नाही. नियमाला त्याची गरजही नव्हती.

आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू या नियमांत वारंवार भेटतात. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नाकातल्या नळीने घोड्याच्या पोटात सोडतात. स्नायूत साचणारे आम्ल त्याने मारले जाते, थकवा उशिरा येतो. म्हणून रक्तद्रवातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडला लिटरमागे ३६ मिलिमोलची मर्यादा आहे. लसूणघासात मुळातच सॅलिसिलेट असते, त्यामुळे सॅलिसिलिक आम्लाला शून्याची अट घालणे शक्यच नव्हते. तिथेही मर्यादा ठरवून द्यावी लागली. कोकोच्या टरफलातून थिओब्रोमाइन येते. आणि खसखस. २०१४ साली इंग्लंडच्या राणीची ‘एस्टिमेट’ ही घोडी अॅस्कटच्या गोल्ड कपमध्ये दुसरी आली. आदल्या वर्षीची ती विजेती. तिच्या नमुन्यात मॉर्फीन सापडले. तयार खाद्यात खसखस मिसळली गेली होती. राणीची घोडी असली म्हणून काय झाले, ती बाद ठरली आणि बक्षीस परत गेले. या एका बाबतीत मला इंग्रजांचे कौतुक वाटते.

पण इथेच मला नियमकर्त्यांशी भांडायचेही आहे. रसायनशास्त्राची नजर आता नको तितकी तीक्ष्ण झाली आहे. २०२१च्या केंटकी डर्बीत ‘मेडिना स्पिरिट’ पहिला आला आणि त्याच्या रक्तात मिलिलिटरमागे २१ पिकोग्रॅम बीटामेथासोन आढळले. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले २१ भाग. कातडीच्या पुरळावर लावलेल्या मलमातून ते आले, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. पुढच्या वर्षी तो बाद ठरला. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये जर्मनीचे सांघिक सुवर्णपदक गेले तेही मलमातल्या बीटामेथासोनमुळेच. ही प्रकरणे निर्दोष होती असे मी म्हणत नाही. मलमाच्या नळीवरचे नाव वाचायला हवे होते. पण उद्या यंत्र आणखी हजार पट बारीक पाहू लागेल, तेव्हा प्रत्येक घोड्यात काही ना काही सापडेल. ‘सापडले’ आणि ‘परिणाम झाला’ यांतले अंतर नियमाने धरायलाच हवे. काही औषधांना किमान पातळी ठरवून आणि खाद्यातून वा संसर्गातून येऊ शकणाऱ्या पदार्थांचा वेगळा गट करून हे काम सुरू झाले आहे, पण ते अजून पुरते झालेले नाही.

मग जबाबदार कोण? १९३०मध्ये इंग्लंडात ‘डॉन पॅट’ घोडा जिंकला आणि त्याच्यात कॅफीन निघाले. ट्रेनर चॅपमन यांनी ते दिले असे कुणी म्हटले नाही, तरी त्यांना शर्यतीच्या मैदानातून हद्दपार केले आणि तशी नोटीस छापली. नोटीस वाचणाऱ्याला वाटणार, यानेच औषध दिले. चॅपमन कोर्टात गेले, ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, अपिलात मात्र जॉकी क्लबचे कारभारी सुटले. तेव्हापासून जगभर तत्त्व हेच, की घोडा ज्याच्या ताब्यात, दोष त्याचा. कुणी दिले, का दिले, हे शिक्षा किती द्यायची ते ठरवताना पाहू. शर्यतीत ती जबाबदारी ट्रेनरवर, एफईआयच्या स्पर्धेत बहुधा खुद्द स्वारावर. २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या अश्वक्रीडाप्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकले, त्या चौघांवरही हाच भार होता.

मी या तत्त्वाच्या बाजूचा आहे. ते नसते तर प्रत्येक ट्रेनरने सईसाकडे बोट दाखवले असते. पण कायद्याने बोट दाखवता येत नाही म्हणून व्यवहारात दाखवत नाहीत, असे समजू नका. पहिली नोकरी जाते ती सईसाचीच.

हा माणूस पहाटे चारला उठतो. चंदी त्याच्या हातची, खरारा त्याच्या हातचा, रात्री घोड्याच्या शेजारी झोपणाराही तोच. त्याची पाठ दुखते, तो गोळी खातो, त्याच हाताने लगामाचे कडियाळे घोड्याच्या तोंडात देतो. रात्री बाहेर जायचा कंटाळा म्हणून तबेल्याच्या कोपऱ्यात लघवी करतो आणि त्याची गोळी पेंढ्यावाटे घोड्यात पोचू शकते. आंतरराष्ट्रीय संघटना याबद्दल हल्ली पत्रके काढून बजावत असतात. पत्रक इंग्रजीत, टर्फ क्लबचे नियमपुस्तक इंग्रजीत, औषधाच्या वेष्टनावरची अक्षरे इंग्रजीत आणि मुंगीएवढी. ज्याच्या हातून चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्यालाच नियम वाचता येत नाही. त्याच्या पाठीवर उपचार कोण करतो, हे तर आपण विचारतच नाही.

रेसकोर्सच्या कुंपणाबाहेर तर तपासणीचे नावच नसते. नंदुरबारजवळ सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातले घोडे येतात, काठियावाडी, मारवाडी. रेवाळ चालीवर बोली चढतात. लंगड झाकलेला घोडा विकत घेऊन घरी गेल्यावर चौथ्या दिवशी लंगडायला लागला, तर दाद कुठे मागणार? प्राण्याला अपायकारक औषध देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे, पण कलम आणि यात्रा यांची गाठ क्वचितच पडते. महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा ग्राह्य ठरवला. तिथे निदान पशुवैद्याचा दाखला लागतो. पण दाखला देणारा डोळ्याने पाहतो, आणि वेदनाशामक घेतलेला बैल डोळ्याला निरोगीच दिसतो.

आणखी एक आडवळण घेतो, कारण ते आपल्याच डोक्यावरच्या आकाशातून जाते. डायक्लोफेनॅक हे याच कुळातले वेदनाशामक. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तोवर गिधाडे दिसेनाशी झाली होती. गुराला दिलेल्या औषधाचा हिशेब त्या गुरापाशीच संपतो असे मानणाऱ्याने ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

व्याख्यानाच्या चालकांनी मला काही ठोस सुचवा असे सांगितले होते, म्हणून एकच सुचवतो. एफईआयच्या घोड्यांसाठी औषधांची नोंदवही ठेवावी लागते. आपल्याकडे ती प्रत्येक तबेल्यात असावी, रायडिंग क्लबातही आणि लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणाऱ्यांकडेही. मराठीत, गुजरातीत, हिंदीत. इंग्रजी हवी असेल तर शेवटच्या पानावर. रकाने फार नकोत. तारीख, घोड्याचे नाव, औषध, मात्रा, कुणी दिले, पुन्हा कधीपासून पळवायचा. वेष्टनाचा कापलेला तुकडा तिथेच चिकटवायचा, म्हणजे नाव लिहिताना चूक नको. सही ट्रेनरची, डॉक्टरची आणि सईसाची. सईसाला लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल, पण त्याआधी त्याला ते पान वाचून दाखवलेले असले पाहिजे, आणि ‘आज याचे पाऊल बरोबर पडत नाही’ असे त्याने सांगितले तर तेही त्याच पानावर, त्याच्या शब्दांत, उतरवून घेतले पाहिजे.